काळ्या रंगाचे साठ हात

रंगमास्तर पहिल्यांदा दुकानात शिरले तेव्हा तिला वाटलं, हा माणूस कुणाचा तरी गळा दाबून आलाय, आणि ज्याचा दाबला तो शाईचा बनलेला होता. दोन्ही हात खांद्यापर्यंत निळे. नखं जांभळी. कानाच्या पाळीवर हिरवा ठिपका, बुटांवर नारिंगी शिंतोडे, आणि चेहरा मात्र पांढराफटक, जणू त्याचा सगळा रंग गळून हातापायांत उतरला होता. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. एकीने पर्स पोटाशी धरली. दुसरी बटणं मोजता मोजता मागे सरकत दारापर्यंत गेली आणि तिथून जी दिसेनाशी झाली ती पुन्हा त्या रस्त्याला फिरकली नाही. तिने निवडलेली आठ बटणं बरीच वर्षं एका वाटीत तिची वाट बघत होती.

हे सगळं अर्थात मास्तरांच्या बायकोच्या सांगण्याप्रमाणे. हा निळा रंग दर सांगण्याला थोडा वर चढत गेला आहे. लग्नाच्या वर्षी तो मनगटापर्यंत होता, लेक शाळेत जायला लागली तेव्हा कोपराला पोचला, आणि मास्तर निवृत्त झाले त्या सुमारास त्याने खांदा गाठला. आणखी दहा वर्षांनी मास्तर नखशिखांत निळे असतील यात शंका नाही. स्वतः मास्तर इतकंच म्हणतात, की त्या दिवशी हातमोजा फाटला होता.

ती बावीस वर्षांची होती आणि दोरे-बटणांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची. मास्तर दोन रस्ते पलीकडच्या, कापड रंगवायच्या कारखान्यात नुकतेच लागले होते.

"काळा दोरा द्या," ते म्हणाले.

"कुठला काळा? आमच्याकडे अकरा आहेत."

मास्तरांनी प्रथमच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. काळे अकरा असतात हे जगात फक्त आपल्यालाच ठाऊक आहे, अशा समजुतीत त्यांनी तरुणपण घालवलं होतं. तिने अकराच्या अकरा रिळं काचेवर मांडली. मास्तरांनी पहिलं उचललं आणि, न विचारता, न सवरता, तिच्या खांद्यावरून पुढे आलेल्या वेणीशेजारी धरलं. खाली ठेवलं. दुसरं धरलं. मालकांनी गल्ल्यामागून उठून कापड मोजायची लोखंडी पट्टी हातात घेतली. सातव्या रिळापाशी मास्तर जरा थांबले, मग आठवं, नववं, असं करत अकरापर्यंत गेले.

"हा बारावा आहे," ते वेणीकडे बघत म्हणाले. "हा टाकीत होत नाही."

मग सात नंबरचं एक रीळ विकत घेतलं आणि निघून गेले. चार महिन्यांनी दोघांचं लग्न झालं.

या वाक्याला एवढं महत्त्व देण्याचं कारण असं, की अडतीस वर्षांच्या संसारात मास्तरांनी केलेली ही एकमेव स्तुती. त्यानंतर त्यांनी प्रत्येक गोष्टीला "बरं आहे" म्हटलं. जेवण बरं आहे. नवं घर बरं आहे. दवाखान्यात नर्सने लेक हातात दिली तेव्हा तिला उजेडाकडे धरून दोन्ही बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "बरी आहे." माणूस कंजूष नव्हता, पण कौतुक म्हटलं की त्याची मूठ आपोआप वळायची. त्यामुळे बाराव्या काळ्याचं ते एक वाक्य तिने जन्मभर जपून वापरलं. भांडण झालं की आठवायचं, ताप आला की आठवायचं, नणंदेने नाक मुरडलं की तर हटकून.

आणि म्हणूनच लग्नानंतर सोळा वर्षांनी कपाळाशी पहिले पांढरे केस डोकावले तेव्हा तिने कुणाला काही न सांगता रंगाची बाटली आणली.

पुढची बावीस वर्षं हे काम ज्या शिस्तीत चाललं तशी शिस्त गुप्तहेर खात्यातसुद्धा नसेल. बाटली शिवणयंत्राच्या खणात, जुन्या पॅटर्नच्या कागदांखाली. महिन्यातून एक रविवार. मास्तर सकाळी दहाला कारखान्यातल्या मित्रांकडे पत्ते खेळायला जायचे ते एकला परतायचे. तेवढ्या तीन तासांत रंग लावायचा, धुवायचा, बाथरूमची फरशी पुसायची, कंगवा खरवडायचा, आणि वास जावा म्हणून खिडकी सताड उघडी ठेवायची. ऐन थंडीत ओले केस घेऊन ती त्या खिडकीत कुडकुडत बसली, पण बेत कधी चुकला नाही.

तिला कुणी विचारलं असतं की, बाई गं, ज्या माणसाला रस्त्याच्या पलीकडून चाललेल्याच्या विजारीची एक तंगडी दुसऱ्या लॉटची, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेली, आहे हे कळतं, त्याला हे कळत नसेल का? तर तिचं उत्तर तयार होतं. पुरुष घरात शिरताना बूट काढतो तशी नजरही दाराबाहेर काढून ठेवतो. चार वर्षं भिंतीवर वाकडं टांगलेलं कॅलेंडर ज्याला दिसलं नाही त्याला केस काय दिसणार.

मग साठाव्या वर्षी तिचं डोकं सुजलं.

कपाळ पावासारखं फुगलं, कानामागे खाज सुटली. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघितल्या बघितल्या विचारलं, "रंग लावता?" तिने आधी दाराकडे बघितलं, ते बंद असल्याची खात्री केली, आणि मान हलवली.

"आजपासून बंद. पुन्हा लावलात तर पुढच्या वेळी डोळे उघडणार नाहीत."

दोन महिन्यांत भांगाशी दोन बोटं पांढरं उगवलं आणि त्याच्याखाली कमरेपर्यंत तोच कुळकुळीत काळा. डोक्यावर कुणी पांढरं झाकण बसवल्यासारखं. ती घरातसुद्धा रुमाल बांधून वावरू लागली. मास्तरांना सांगितलं, सर्दी आहे. मास्तर म्हणाले, "बरं."

लेकीने फोनवर उपाय सुचवला. "कापून टाक ना आई. किती मोकळं वाटेल."

"तुझी जीभ काप. मला मोकळं वाटेल."

तळमजल्यावरच्या पार्लरवालीने केस हातात घेऊन तोलले. "काकू, रंग काढायचा तर ब्लीच करायला लागेल. पण इतक्या जुन्या रंगावर ब्लीच मारून केस जागेवर राहतील असं मी काही लिहून देणार नाही. नाहीतर मग बॉयकट. तुम्हाला शोभेल."

"तुझ्या सासूला शोभेल," असं म्हणून ती जिना चढून वर आली.

तिला बॉयकट नको होता आणि ब्लीच नको होतं. तिला एवढंच हवं होतं की काळा हळूहळू फिका पडावा, चारचौघींचा पडतो तसा, आणि तो बारावा काळा बावीस वर्षांपूर्वीच संपला होता हे मास्तरांना कधीही कळू नये.

त्या रविवारी मास्तर पत्त्यांना गेल्यावर तिने फोनमध्ये बघून ठेवलेला घरगुती उपाय केला. भांडी घासायचं लिक्विड, खायचा सोडा आणि सोसवेल तितकं गरम पाणी. डोक्याची सूज उतरली होती, म्हणून मुळं सोडून खालच्या लांबीला लावलं आणि पाऊण तास बसून राहिली. धुतल्यावर केस हाताला लागले ते काथ्यासारखे. कंगवा घातला तर त्याचे दोन दात आत राहिले. आणि रंग? रंग होता तिथेच होता, फक्त टॉवेल तेवढा तपकिरी झाला. तिने टॉवेल बादलीच्या तळाशी कोंबला आणि वर चार कपडे टाकले.

नेमकी त्या दिवशी एका गड्याची दाढ दुखायला लागली आणि डाव मोडला. मास्तर बाराला घरी. हात धुवायला आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांच्या हातात टॉवेल होता. ते थेट खिडकीशी गेले, टॉवेल उजेडात धरला, उलटा केला, एक कोपरा बोटांत चोळला.

"सोडा घातलास?"

"कसला सोडा?"

"खायचा. आणि पाणी कढत."

तिने ओल्या केसांवर रुमाल ओढला.

"लोकरीला कुणी सोडा लावतं का? दोऱ्यांच्या दुकानात जन्म गेला तुझा."

"मी काय लोकर आहे?"

"केस म्हणजे लोकरच. मेंढीऐवजी बाईची, एवढंच." मास्तरांनी टॉवेलचा दुसरा कोपरा बघितला. "तीन वर्षांपूर्वी बाटली बदललीस ना? आधीच्या काळ्यात लाल अंग होतं. हा निळ्याकडे जातो."

ती बाथरूमच्या दाराशी स्टुलावर बसली. मास्तरांनी कपाटातून आपली नमुन्यांची वही काढली. ती वही तिने हजारदा पाहिली होती. रंगवलेल्या प्रत्येक कापडाचा तुकडा चिकटवून खाली तारीख आणि शेरा लिहायचा, ही मास्तरांची कारखान्यातली सवय. त्यांनी वही मागच्या बाजूने उघडली आणि तिच्या मांडीवर ठेवली. तिथे कापड नव्हतं. केस होते. दरवर्षी कंगव्यातून काढलेले पाच-सात केस, दोऱ्याने बांधलेले, चिकटवलेले, खाली तारीख. पहिली सोळा वर्षं शेरा नव्हता. सतराव्या वर्षापासून होता.

"नवा लॉट. मुळाशी असमान."

"टोकं जास्त झाली."

"हा चांगला."

"बाटली बदलली. निळसर. पूर्वीचा बरा होता."

चष्मा बेसिनवर राहिला होता आणि डोळे भरले होते, त्यामुळे तिला एवढंच धड वाचता आलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"रंगाचा धंदा माझा."

"मग बावीस वर्षं बोलला का नाहीत?"

मास्तरांनी याचा विचार केला. त्यांना हा प्रश्नच नवा होता. "दुसऱ्या मास्तरच्या टाकीत डोकावायचं नसतं," ते म्हणाले. "त्याने बोलावल्याशिवाय. कारखान्यात पद्धत आहे तशी. रंग बिघडताना दिसला तरी गप्प बसायचं. बोलावलं की मग जायचं."

"मी थंडीत खिडकी उघडी टाकून न्हायले. बावीस वर्षं."

"म्हणून तर एकपर्यंत थांबायचो तिकडे. मला पत्ते आवडत नाहीत."

हे ऐकून तिला काय वाटलं ते तिचं तिलाही लवकर उमगलं नाही. राग आला होता, पण तो ठेवायला जागा सापडेना. इतकी वर्षं ती एकटीच चोरी सांभाळत होती असं तिला वाटत होतं; इथे दाराबाहेर दुसरा माणूस त्याच चोरीवर पहारा देत बसला होता, हातात नावडते पत्ते धरून.

"बोलावते मग," ती शेवटी म्हणाली. "डोकावा."

मास्तर उठले आणि हात धुवायला गेले.

आता कुणालाही वाटेल की कारखान्याचा माणूस लगेच कामाला लागला असेल. छे. पहिले दोन आठवडे त्यांनी केसांना तेलाखेरीज कशाचा स्पर्श होऊ दिला नाही. "आधी लोकर माणसात येऊ दे." त्या पंधरा दिवसांत त्यांनी कंगव्यातले केस गोळा केले, जुड्या बांधल्या आणि खिडकीच्या कट्ट्यावर सात कप मांडले. प्रत्येकात वेगळं काहीतरी कालवलेलं, प्रत्येकावर चिठ्ठी. तिने एका सकाळी अर्ध्या झोपेत तिसरा कप चहा समजून तोंडाला लावला होता. मास्तर घाईने म्हणाले, "अगं, तो नको, त्याची वेळ व्हायचीय."

"कारखान्यात ती पावडर होती ना तुमची, रंग उतरवायची?" तिने विचारलं.

"होती. दहा मिनिटांत काळ्याचं पांढरं करते. पण ती कापडाला. डोक्याला लावली तर नंतर तिथे काय उरेल ते मी सांगत नाही."

शेवटी पाचवा कप पास झाला. सी जीवनसत्त्वाच्या साध्या गोळ्या कुटून कोंड्याच्या शाम्पूत कालवलेल्या. मास्तर स्वतः तिच्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि चिठ्ठीवर लिहून आणलेलं सगळं वाचून दाखवलं. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "डोक्याच्या कातडीला लागू देऊ नका. खाज आली की लगेच धुवा. आठवड्यातून एकदाच. आणि जास्त आशा ठेवू नका."

तरीही मास्तरांनी सगळे केस घेतले नाहीतच. कानामागची एक बट लाल दोऱ्याने बांधली आणि आधी तिच्यावर करून पाहिलं. अख्खं ठाण बुडवायच्या आधी तुकडा बुडवायचा, हा नियम त्यांनी साऱ्या नोकरीत एकदाच मोडला होता आणि त्या दिवसाबद्दल ते अजून बोलत नाहीत.

पहिल्या रविवारी त्यांनी वेणी सोडली, पट्टी घेतली आणि मोजमाप केलं.

"केस महिन्याला अर्धा इंच वाढतो. टोकाचा केस पाच वर्षांचा आहे. तू दर महिन्याला मुळापासून टोकापर्यंत लावत होतीस. म्हणजे टोकाला रंगाचे साठ हात बसलेत."

"मुळांनाच लावायचा असतो का फक्त?"

"बाटलीवर लिहिलेलं असेल."

"वाचायला वेळ कुठे होता? तुम्ही एकला यायचात."

मग हा रविवारचा परिपाठच पडला. मित्रांचे दोनदा फोन आले; मास्तरांनी सांगितलं, काम लागलंय. ती स्टुलावर, मास्तर मागे खुर्चीवर, हातात रबरी मोजे. टोकांना आधी लेप, मग मधल्या भागाला, मुळांना काही नाही. वर प्लास्टिकची टोपी. अर्धा तास. कोमट पाणी, भरपूर. मग कंडिशनर, मग टॉवेलने चोळायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि दर वेळी टॉवेल खिडकीशी नेऊन वाचायचा, दुसरा एखादा वर्तमानपत्र वाचतो तसा.

पहिल्या तीन आठवड्यांत काहीही झालं नाही. चौथ्या आठवड्यात मधला भाग कॉफीच्या रंगावर आला. सातव्यात गंजासारखा झाला. टोकं मात्र काळी ती काळीच. वरून खाली पांढरा, पिवळट, गंजका आणि काळा अशी चार मजली इमारत तिच्या पाठीवर उभी राहिली. पार्लरवाली जिन्यात भेटली तेव्हा तिने वेणी उचलून बघितली. "काकू, हे कुठे करून घेतलंत? आजकाल मुली यासाठी रांग लावतात."

"घरीच. एक म्हातारा येतो."

"त्याचा नंबर द्या ना."

"तो एकाच गिऱ्हाइकाचं करतो."

त्या अर्ध्या अर्ध्या तासांत मास्तर बोलायचे. इतकं ते आजवर कधी बोलले नव्हते. कदाचित समोर तोंड नसून पाठ होती म्हणून जमत असेल. काळा बसवायला सगळ्यात अवघड आणि निघायला सगळ्यात चिवट, असं त्यांनी सांगितलं. रंग उतरवलेलं कापड पुन्हा पहिल्यासारखं कोरं कधी होत नाही, पण हाताला जास्त मऊ लागतं, असंही. ती ऐकत राहायची. रंगाच्या त्या बावीस वर्षांत तिच्या केसांना तिच्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. लागू द्यायची सोयच नव्हती. जवळून कुणी बघितलं असतं तर.

नवव्या रविवारी, टोपी डोक्यावर असताना, तिने ती वही मागून घेतली. या वेळी नाकावर चष्मा होता. अडतीस वर्षं दोऱ्यांत घालवलेल्या बाईने केस बघायच्या आधी दोरा बघितला. प्रत्येक जुडी काळ्या दोऱ्याने बांधलेली होती. सतराव्या वर्षापासूनच्या जुड्यांवर तो दोरा स्पष्ट दिसत होता. आधीच्या सोळांवर दिसत नव्हता. तिने पान तिरपं केलं, बोट फिरवलं. दोरा होता, बोटाला गाठ लागत होती. पण केस कुठे संपतो आणि दोरा कुठे सुरू होतो ते काही केल्या कळत नव्हतं.

"हा सात नंबर ना?"

"हो."

"त्या दिवशी नेलेलंच रीळ?"

"अजून थोडं शिल्लक आहे."

"दिसत नाहीये दोरा."

"नाही दिसत."

"म्हणजे बारावा नव्हताच. सात होता. हुबेहूब."

"सात होता," मास्तर म्हणाले.

सात नंबरचं रीळ तिने आयुष्यात हजारोंनी विकलं होतं. शाळेच्या गणवेशाच्या विजारी आणि छत्र्या शिवायला जातो तो. एका छत्रीच्या दोऱ्यासाठी ती बावीस वर्षं थंडीत ओल्या केसांनी बसली होती, आणि त्यासाठी दुसरा कुणी बावीस वर्षं पत्ते कुटत बसला होता.

"मग बारावा का म्हणालात?"

"मालक पट्टी घेऊन उभे होते," मास्तर म्हणाले. "काहीतरी बोलायला हवं होतं."

तिने वही मिटली. टोपीतून एक थेंब मानेवर ओघळला, तो त्यांनी मागून टिपला. मग तिला हसू आलं, ते आवरेना, आणि तिचे खांदे हलायला लागले तसे मास्तर म्हणाले, "हलू नकोस, कातडीला लागेल."

"आता पांढऱ्याचं काय? तो कितवा?"

मास्तरांनी टोपी जराशी उचलून भांग उजेडाकडे वळवला आणि प्रामाणिकपणे बघितलं.

"थोडा पिवळा मारतोय," ते म्हणाले. "बरा आहे."

त्यानंतर आणखी सहा रविवार झाले. टोकांचा काळा निघाला नाही. एप्रिलमध्ये पार्लरवालीने खांद्याखालचे सगळे केस कापून टाकले. वीस मिनिटं लागली.